उलट्या बाजूचं गाणं



पत्रिकेत माझ्या विषयापुढे उद्गारचिन्ह छापलं गेलं आहे. ते मी घातलेलं नाही. पण ते तिथे का आलं असावं, हे मला समजतं. संतसाहित्य, सहकार, शेती, पाणी अशा विषयांच्या मालेत एका अमेरिकी गायकाच्या एका रेकॉर्डवर तासभर बोलायचं म्हणजे श्रोत्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच. तरी हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, ते दोन्हीकडच्या दबलेल्या माणसांची गाऱ्हाणी एकाच जागतिक दरबारात कशी नेता येतील हे पडताळण्यासाठी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचं नावसुद्धा तिकडचं. म्हणजे शंभर वर्षं आपण त्या लोकांचा लढा वाचत आलो. त्यांचं गाणं मात्र आपण फारसं कान देऊन ऐकलं नाही. ज्या लढ्यातली निम्मी भाषणं गाण्याने सुरू झाली आणि गाण्याने संपली, तो लढा नुसता वाचून कसा कळणार?

तर विषय असा. २२ डिसेंबर १९६४ रोजी आरसीए व्हिक्टर कंपनीनं सॅम कुक या गायकाचं नवं सिंगल बाजारात आणलं. सात इंचांची, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी तबकडी. सुलट्या बाजूला ‘शेक’ नावाचं नाचाचं गाणं. उलट्या बाजूला ‘अ चेंज इज गॉना कम’. गायक अकरा दिवसांपूर्वीच गेला होता, वय तेहतीस. ‘शेक’ झपाट्यानं चढलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत सातव्या क्रमांकाला पोचलं. उलट्या बाजूचं गाणं एकतिसाव्यावर अडलं. आज साठ वर्षांनी ‘शेक’ फक्त दर्दी लोकांना आठवतं. दुसरं गाणं ज्यांना सॅम कुक हे नाव माहीत नाही त्यांनाही कुठून तरी ऐकून ठाऊक असतं.

बाजारानं चूक केली आणि काळानं ती सुधारली, असं म्हणून मला इथेच खाली बसता आलं असतं. पण मला ते खरं वाटत नाही. सुधारलं ते अर्धंच. गाण्याची बाजू, गाण्यावरचं नाव आणि गाण्यातली कडवी, या तीन गोष्टी कोण ठरवतं, हा माझा आजचा प्रश्न आहे. सॅम कुकच्या तीन सिंगलमधून तो स्वच्छ दिसतो.

आधी सिंगल म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण समोर बसलेल्या तरुण मंडळींच्या दृष्टीनं सिंगल म्हणजे फोनवर येणारी एक फाइल. आरसीएनं १९४९ मध्ये ही छोटी तबकडी काढली. दोन्ही बाजूंना एकेक गाणं, साधारण तीन मिनिटांचं. ती स्वस्त होती, पोरांच्या खिशाला परवडणारी होती, आणि हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं की वाजत होती. रेडिओला तीन मिनिटांच्या वर गेलेलं गाणं नको असे, कारण मधे जाहिराती बसवायच्या असत. कंपनी सुलट्या बाजूसाठी पैसा आणि माणसं खर्च करी. उलटी बाजू कोरी ठेवता येत नाही म्हणून भरली जाई. रेडिओवरचा निवेदक मनाला आलं तर तबकडी उलटवून लावी. त्याच्या त्या एका हाताच्या हालचालीवर माणसांची आयुष्यं बदलली आहेत. कुकचंही बदललं, ते पुढे येईलच.

सॅम कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्कस्डेल गावचा. हे गाव कापसाचं आणि ब्लूजचं. वडील चार्ल्स कुक हे चर्च ऑफ ख्राइस्ट (होलिनेस) या कडक पंथाचे पाळक. सॅम दोन वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला आलं. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे लाखो कृष्णवर्णीय माणसं त्या दशकांत निघाली होती, त्यांतलंच हे एक घर. शिकागोच्या दक्षिण भागात त्यांची वस्ती दाटली, आणि त्या वस्तीत, त्याच काळात, गॉस्पेल नावाचं एक नवं धर्मसंगीत आकाराला येत होतं.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण एक गैरसमज दूर करायला हवा. गॉस्पेल म्हणजे कुठलं तरी प्राचीन, सोवळं संगीत आणि त्यातून पुढे पैशासाठी बाटलेलं गाणं निघालं, असं चित्र रंगवलं जातं. प्रत्यक्षात गॉस्पेल ज्यांनी घडवलं ते थॉमस ए. डॉर्सी हे आधी ब्लूजवाले होते. ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं त्यांनी १९२८ साली टँपा रेड या गिटारवादकाबरोबर चांगलंच चावट गाणं गाजवलं होतं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुइसला कार्यक्रमासाठी गेले असताना बायको बाळंतपणात गेल्याची तार आली. मूलही वाचलं नाही. त्या दुःखातून त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं केलं. शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमधून त्यांनी ही नवी गाणी पसरवली, पानापानानं छापून विकली. जुन्या वळणाच्या पाळकांनी त्यांना दारातून परतवलं. म्हणाले, हे तर गुत्त्यातलं संगीत. म्हणजे ताल गुत्त्यातून देवळात गेला होता. पुढे तो देवळातून रेडिओवर आला तेव्हा लोकांनी आकांत केला. पण रस्ता पहिल्यापासून दुहेरीच होता.

सॅम घरच्या भावंडांबरोबर चर्चमध्ये गायला लागला, मग शाळकरी वयात ‘हायवे क्यूसीज’ नावाच्या पोरांच्या संचात. आणि १९५० च्या अखेरीस त्याला ‘सोल स्टिरर्स’ या नामांकित संचाचं बोलावणं आलं. हा संच मूळचा टेक्सासचा. त्याचा मुख्य गायक आर. एच. हॅरिस हा या गायकीतला मोठा माणूस. दौऱ्यावरच्या सैल वागण्याला कंटाळून तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी हा विशीचाही नसलेला मुलगा उभा राहिला. या संचांना क्वार्टेट म्हणत, पण माणसं पाच-सहा असत. ती गावोगाव मोटारीनं जात, एका रात्री दोन-तीन संच एकाच मंचावर येत आणि खुन्नस देऊन गात. समोर बायका भारावून खाली कोसळत. त्यांना सावरायला पांढऱ्या गणवेशातल्या सेविका दोन्ही अंगांना तयार असत. देवाचं नाव होतं, आणि चुरसही होती.

अशा फडात सॅमची पंचाईत झाली. ओरडून, घसा फाडून, गुडघ्यावर येऊन गाणारे गायक त्याच्या आजूबाजूला होते. त्याच संचातला पॉल फॉस्टर तसा होता. सॅमचा आवाज त्या जातीचा नव्हता. संचाचे व्यवस्थापक एस. आर. क्रेन यांनी एक हकीकत सांगून ठेवली आहे. एका कार्यक्रमात पट्टी फार चढी लागली; वरचा सूर हाती येईना. तेव्हा सॅमनं त्याच्यावर झडप घालण्याऐवजी त्याच्याखालून आवाज हलकेच वळवला, दोन-तीन सुरांची एक घसरती आंदोलित जागा घेतली आणि निभावून नेलं. अडचणीतून निघालेली ही जागा पुढे त्याची ओळख झाली. ‘ओ’ या एका अक्षरावर तो जी नागमोडी घेतो, ती त्याच्या प्रत्येक गाण्यात सापडते. आपल्याकडे गायकाच्या मर्यादेतून त्याची गायकी घडते असं म्हणतात. त्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

दुसरं त्याचं बळ होतं गोष्ट सांगण्याचं. १९५६ चं ‘टच द हेम ऑफ हिज गार्मेंट’ ऐका. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई गर्दीत घुसून येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावते, ही बायबलमधली कथा. ध्वनिमुद्रणाच्या आधी बायबल चाळता चाळता त्यानं ते गाणं रचलं, असं सोबतचे लोक सांगत. कथा सांगताना तो आवाज चढवत नाही. शेजारी बसून सांगावं तसं सांगतो. हीच लकब तो पुढे प्रेमगीतात नेणार होता.

आता पहिलं सिंगल. १९५६ च्या डिसेंबरात सॅमनं न्यू ऑर्लिन्समध्ये एक प्रेमगीत ध्वनिमुद्रित केलं. सोल स्टिरर्सचं ‘वंडरफुल’ नावाचं भक्तिगीत होतं, देव किती अद्भुत आहे असं सांगणारं. त्याचीच चाल ठेवली, देवाच्या जागी मुलगी आली, आणि ‘लव्हेबल’ तयार झालं. स्पेशॅल्टी कंपनीनं ते १९५७ च्या सुरुवातीला काढलं, पण तबकडीवर नाव छापलं ‘डेल कुक’. भीती साधी होती. सॅम कुक बाजारू गाणी गातो हे कळलं तर चर्चचा श्रोता सोल स्टिरर्सच्या तबकड्या घेणं बंद करील. एखाद्या गावातल्या भजनी मंडळाचा बुवा रात्री तमाशाच्या बोर्डावर दुसऱ्या नावानं उभा राहिला, तर सकाळी चावडीवर जे होईल तेच झालं. नाव बदललं होतं, पण ती ‘ओ’वरची नागमोडी कशी लपणार? लोकांनी पहिल्या कडव्यात ओळखलं.

अशा वेळी पक्ष घेण्याची आपल्याला सवय असते. एकीकडे महेलिया जॅक्सन. १९४७ साली तिची गॉस्पेलची तबकडी प्रचंड खपली, मोठमोठे देकार आले, तिनं ब्लूज गायला ठाम नकार दिला आणि शेवटपर्यंत पाळला. दुसरीकडे रे चार्ल्स. त्यानं १९५४ साली एका भक्तिगीताच्या सांगाड्यावर ‘आय गॉट अ वूमन’ उभं केलं, बिनदिक्कत स्वतःच्या नावावर. मला दोघांबद्दल आदर आहे. पण या दोन टोकांमध्ये उभा असलेला, नाव लपवून गाणारा सॅम मला जास्त माणसासारखा वाटतो. त्याचे वडील पाळक असूनही आड आले नाहीत. आड आला तो कंपनीचा हिशेब. धर्म बुडेल ही काळजी फार थोड्यांना होती, खप बुडेल ही अनेकांना. पाप-पुण्याच्या भाषेत जे भांडण आपण वाचतो, त्याच्या तळाशी वहीखातं होतं, असं माझं मत आहे.

दुसरं सिंगल याच वर्षीचं. १९५७ च्या जूनमध्ये निर्माता बंप्स ब्लॅकवेलनं सॅमला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नेलं. सोबत गोऱ्या गायक-गायिकांचा मऊ आवाजातला कोरस घेतला. स्पेशॅल्टीचे मालक आर्ट रूप अचानक आत आले, तो कोरस ऐकला आणि भडकले. त्यांना खरखरीत, घामेजलेलं गाणं हवं होतं. हे तर त्यांना गुळगुळीत वाटलं. भांडण इतकं वाढलं की ब्लॅकवेलनं आपल्याला पुढे मिळायच्या रकमेवर पाणी सोडलं आणि त्या बदल्यात सॅमची ध्वनिमुद्रणं उचलून बाहेर पडला. कीन नावाच्या नव्या कंपनीनं सप्टेंबरात ती तबकडी काढली. सुलट्या बाजूला गर्श्विनचं जुनं, खात्रीचं ‘समरटाइम’. उलट्या बाजूला सॅमचं स्वतःचं ‘यू सेंड मी’. निवेदकांनी तबकडी उलटवली. गाणं दोन्ही याद्यांत, कृष्णवर्णीयांच्या आणि सर्वांच्या, पहिल्या क्रमांकावर गेलं. दहा लाखांवर प्रती खपल्या. आर्ट रूप यांच्या हातून गेलेला तो व्यवहार रेकॉर्ड-धंद्यातल्या महागड्या रागांपैकी एक असावा.

त्या गाण्यात शब्द जेमतेम मूठभर आहेत. तेच ते पुन्हा येतं, आणि प्रत्येक वेळी सॅम ते थोडं वेगळं वळवतो. ही रीत सरळ चर्चची आहे. एका ओळीवर मंडळींना दहा मिनिटं धरून ठेवणाऱ्या गायकाची. फक्त आता आवाज इतका जवळ आणला आहे की ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्यालाच म्हटलं जातंय असं वाटावं. नोव्हेंबरात एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात तो गायला उभा राहिला आणि वेळ संपली म्हणून मधेच तोडला गेला. प्रेक्षकांनी इतकी तक्रार केली की डिसेंबरात त्याला पुन्हा बोलवावं लागलं.

या तबकडीवर गायकाचं नाव खरं होतं, वर ‘कुक’च्या शेवटी एक जादा इंग्रजी अक्षरही डौलासाठी लावलेलं होतं. पण गीतकार म्हणून नाव छापलं होतं एल. सी. कुक. हा त्याचा भाऊ. गाणं सॅमचंच, पण त्याच्या रचनांचे प्रकाशन-हक्क जुन्या कंपनीकडे अडकले होते, म्हणून भावाचं नाव पुढे केलं. पहिल्या सिंगलवर गायकाचं नाव खोटं, दुसऱ्यावर रचनाकाराचं. यातून सॅम जे शिकला ते त्या काळात फार थोड्या गायकांच्या ध्यानात आलं होतं. गाणं गाजतं एकाच्या तोंडून आणि पैसे जातात ज्याच्या नावानं कागद आहे त्याच्या खिशात. त्यानं जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या गॉस्पेल गायक मित्राबरोबर स्वतःची प्रकाशन-कंपनी उभारली, मग एसएआर नावाची रेकॉर्ड कंपनी. तिनं सुरुवातीला गाणी काढली ती कुणाची? सोल स्टिरर्सची. ज्यांना तो सोडून गेला असं जग म्हणत होतं, त्यांची. क्लीव्हलंडच्या वोमॅक बंधूंना त्यानं आधी भक्तिगीत गायला लावलं आणि मग त्याच गाण्याचं प्रेमगीत करून घेतलं. त्यांचंच ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ’ १९६४ च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्स या इंग्रज पोरांनी उचललं आणि ते त्यांचं ब्रिटनमधलं पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं. बॉबी वोमॅक आधी चिडला होता म्हणतात. हक्काच्या पैशांचा पहिला धनादेश आल्यावर राग निवळला.

१९६० साली सॅम आरसीएत गेला. ‘चेन गँग’, ‘क्युपिड’, ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ अशी गाणी ओळीनं आली. त्यांवर मी वेळ घालवत नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. १९६३ च्या जानेवारीत त्यानं मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे जो कार्यक्रम केला, तो कंपनीनं ध्वनिमुद्रित केला आणि कपाटात ठेवून दिला. खरखरीत, घामानं भिजलेलं, थेट चर्चच्या अंगानं जाणारं ते गाणं १९८५ मध्ये बाहेर आलं. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात गोऱ्या श्रोत्यांपुढे सूट घालून गायलेला कार्यक्रम मात्र १९६४ मध्ये काही महिन्यांत बाजारात होता. गंमत बघा, एका कंपनीनं त्याला गुळगुळीत म्हणून हाकललं आणि दुसरीनं खरखरीत म्हणून झाकलं.

दक्षिणेत दौरे करताना त्याला रोज काय भोगावं लागे ते इथे सविस्तर सांगायला नको. १९६१ च्या मे महिन्यात मेंफिसमध्ये प्रेक्षकांना रंगानुसार वेगळं बसवणार हे कळल्यावर त्यानं आणि क्लाइड मॅक्फॅटरनं गायला नकार दिला होता. ८ ऑक्टोबर १९६३ ला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी तो बायको आणि साथीदारांसह हॉलिडे इनवर पोचला. खोल्या फोनवरून राखून ठेवल्या होत्या. काउंटरवरच्या माणसानं चेहरे पाहिले आणि जागा नाही म्हणून सांगितलं. सॅम हटेना, वाद झाला, गाडीचा भोंगा वाजला. मंडळी गावातल्या कृष्णवर्णीयांच्या लॉजवर गेली तर तिथे पोलीस वाट पाहत होते. शांतता भंग केल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचा दीड वर्षांचा मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला होता. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची वॉशिंग्टनची सभा झाली होती. आणि रेडिओवर बॉब डिलनचं ‘ब्लोइन इन द विंड’ वाजत होतं. ते गाणं सॅमला फार आवडलं आणि फार लागलंही. जे आपण लिहायला हवं होतं ते एका गोऱ्या पोरानं लिहावं, अशी त्याची खंत होती, असं अलेक्झांडर सांगत.

१९६३ च्या नाताळाच्या सुमाराला त्याला ‘अ चेंज इज गॉना कम’ सुचलं. ३० जानेवारी १९६४ ला हॉलिवूडमधल्या आरसीएच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. स्वरयोजना रेने हॉल यांची. व्हायोलिनांचा ताफा, फ्रेंच हॉर्न, टिंपनी नगारे. सगळा थाट बघून नेहमीचा ड्रमवादक इतका दबकला की आत येईना. अर्ल पामर हा दुसरा वादक ऐनवेळी बसला. हॉल यांनी प्रत्येक कडव्याला वेगळं वाद्य दिलं आहे. एकाला तंतुवाद्यं, एकाला हॉर्न, एकाला नगारे. आणि मधोमध तो आवाज, जवळून बोलणारा.

गाणं उद्धृत करण्याची माझी इच्छा नाही, आशय सांगतो. नदीकाठी जन्मलेला, त्या नदीसारखाच तेव्हापासून धावत असलेला माणूस बोलतो आहे. जगणं जड झालं आहे, आणि मरणाची भीती वाटते, कारण आकाशापलीकडे काय आहे ते त्याला माहीत नाही. इथे मी थबकतो. हे कोण म्हणतंय? पाळकाचा मुलगा. ज्यानं सहा वर्षं आकाशापलीकडच्या घराची ग्वाही गाऊन लोकांना मूर्च्छा आणली तो. गॉस्पेलच्या सगळ्या अलंकारांत, गॉस्पेलच्या आवाजात, तो गॉस्पेलच्या मुख्य आश्वासनावर प्रश्नचिन्ह ठेवतो. आणि तरी शेवटाला विश्वासावरच येतो. फक्त आता विश्वास इथल्या बदलावर आहे, या जमिनीवरच्या. या गाण्याला भक्तिगीत म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या भक्तिगीतांत हे सर्वांत प्रामाणिक.

तिसरं कडवं सिनेमाला जाणाऱ्या, शहराच्या पेठेत फिरणाऱ्या माणसाचं आहे. कोणी ना कोणी त्याला इथे रेंगाळू नकोस असं बजावत असतं. अख्ख्या गाण्यातलं हेच कडवं पत्ता घेऊन येतं. बाकीची दुःखं कुणाचीही असू शकतात. हे मात्र कायद्यानं आणि पाटीनं लादलेलं दुःख आहे. श्रीव्हपोर्टचा काउंटर या कडव्यात आहे.

७ फेब्रुवारी १९६४ ला व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या आग्रहावरून सॅमनं ते जॉनी कार्सनच्या दूरदर्शन कार्यक्रमात गायलं. त्या कार्यक्रमाची टेप वाहिनीनं जपली नाही. दोनच दिवसांनी बीटल्स एड सलिव्हनच्या मंचावर आले आणि देश दुसरं काही बोलेनासा झाला. गाणं त्या वसंतात ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ या अल्बममध्ये आलं. सॅमनं ते पुन्हा कधी जाहीर कार्यक्रमात गायलं नाही. जुलैत कोपाकबानात डिलनचं गाणं गायला, स्वतःचं नाही.

११ डिसेंबरच्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलच्या व्यवस्थापिकेनं झाडलेल्या गोळीनं तो गेला. चौकशीत तो स्वसंरक्षणाचा प्रकार ठरला. त्या रात्रीबद्दल पुस्तकं आहेत, तर्क आहेत. मी त्यात शिरत नाही, कारण त्या रात्रीच्या कुतूहलानं त्याच्या गाण्याची बरीच जागा खाल्ली आहे. शिकागोत अंत्यदर्शनाला हजारो लोक थंडीत उभे होते. लॉस एंजेलिसच्या अंत्यविधीला रे चार्ल्स गायला.

आणि मग तिसरं सिंगल. या वेळी गायक म्हणून नाव त्याचं, गीतकार म्हणूनही त्याचंच. काही लपवलेलं नाही. पण गाणं उलट्या बाजूला, आणि रेडिओसाठी आटोपशीर करायचं म्हणून एक कडवं कापलेलं. कोणतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. सिनेमाचं आणि पेठेचं. अल्बमवरचं गाणं तीन मिनिटांच्या थोडं वर आहे. सिंगलवरून साधारण अर्धं मिनिट गेलं. कापणाऱ्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. घड्याळाला नेमकं तेच कडवं सापडावं, हे मला पटत नाही. पण पुरावा मागाल तर माझ्याकडे कात्रीची खूण आहे, कबुलीजबाब नाही. नागरी हक्कांचा कायदा जुलैतच मंजूर झाला होता. दक्षिणेतल्या रेडिओ केंद्रांना ते कडवं वाजवायचं नव्हतं, एवढं समजायला कागद लागत नाही.

त्या हिवाळ्यात बिलबोर्ड साप्ताहिकाकडे कृष्णवर्णीय श्रोत्यांची वेगळी यादीच नव्हती. १९६३ च्या नोव्हेंबरअखेर त्यांनी ती बंद केली होती. जानेवारी १९६५ मध्ये ती परत सुरू झाली आणि हे गाणं तिथे नवव्या क्रमांकावर गेलं. कापलेल्या रूपातही त्या लोकांनी ते ओळखलं. ओटिस रेडिंगनं त्याच वर्षी ‘शेक’ही गायलं आणि हेही. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिननं गायलं, तीही पाळकाची मुलगी, डेट्रॉइटच्या न्यू बेथेल चर्चमध्ये वाढलेली. २००९ च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकापुढे बेटी लाव्हेट आणि जॉन बॉन जोव्ही यांनी ते म्हटलं. २०१९ साली श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी १९६३ च्या प्रकाराबद्दल सॅमच्या मुलीची माफी मागितली आणि शहराची किल्ली तिच्या हाती दिली.

आता मघाचं राहिलेलं अर्धं. ज्यानं भावाचं नाव पुढे करून हक्क वाचवले, स्वतःची कंपनी काढली, त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांची मालकी ज्या ट्रेसी नावाच्या कंपनीकडे होती, ती त्याची स्वतःची आहे असा त्याचा समज होता. कागदोपत्री ती क्लाइन यांची निघाली. ते गाणं आजही क्लाइन यांनी स्थापलेल्या संस्थेच्या ताब्यात आहे. नाव मिळालं, बाजूही काळानं बदलून दिली, कडवंही नव्या आवृत्त्यांत बहुतेक परत आलं. कागद परत आला नाही. म्हणून या गाण्याची कथा विजयाची कथा म्हणून सांगणाऱ्यांशी मी सहमत होत नाही.

नवं सिंगल आलं की आपण गाणं कसं आहे एवढंच विचारतो. गॉस्पेलच्या मांडीवर वाढलेले गायक आजही येतात, त्यांची नवी गाणी दर आठवड्याला फोनवर वाजतात. ती जरूर ऐका, आणि खाली बारीक अक्षरात कुणाची नावं आहेत तीही वाचा.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेलं मी पाहिलं. घरी जाऊन हे गाणं शोधाल तेव्हा एकच करा: गाण्याची लांबी तपासा. अडीच मिनिटांचं असेल तर ते बाजूला ठेवा आणि सिनेमाचं कडवं असलेलं, तीन मिनिटांचं ऐका.